निंजुत्सूच्या क्लासला वर्ष झालं, अजून एकही चांदणी फेकलेली नाही

अनवाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या जूनमध्ये पोराला निंजुत्सूच्या, म्हणजे जपानी निंजांच्या विद्येच्या, क्लासला घातलं. टीव्हीवरचं ते निळ्या कपड्यातलं कार्टून बघून त्याला निंजा व्हायचं होतं. तीन आठवड्यांत पोरगं कंटाळलं, कारण तिथे निंजांच्या त्या धारदार लोखंडी चांदण्या फेकायला देत नाहीत, भिंतीवर चढवत नाहीत आणि धूर सोडून गायबही करत नाहीत. फी मात्र सहा महिन्यांची भरलेली. ती परत मिळणार नाही म्हटल्यावर मी जायला लागलो. वय ४३, पोट आहे, उजवा गुडघा कुरकुरतो.

पहिले दोन महिने काय शिकलो तर चालायला. खरंच. रविवारी पहाटे मैदानावर गुलमोहराच्या वाळक्या शेंगा पडलेल्या असतात, त्यावरून आवाज न करता पलीकडे जायचं. सर पाठ करून उभे राहतात, शेंग वाजली की हात वर करतात, हात वर झाला की परत पहिल्यापासून. मैदान पार करायला मला अकरा रविवार लागले.

जपानीत या चालण्याला नुकि-आशि, साशि-आशि म्हणतात. नुकि म्हणजे उपसून काढणं, साशि म्हणजे खुपसणं. सगळं वजन मागच्या पायावर ठेवायचं, गुडघे वाकलेले, पुढचं पाऊल बगळ्यासारखं उचलून आधी करंगळीकडची कड टेकवायची, खाली काय आहे ते चाचपायचं आणि मग हळूहळू वजन पुढे. शेंग लागली तर पाऊल परत उचलता आलं पाहिजे, म्हणजे वजन अजून मागेच पाहिजे. वाचायला सोपं आहे, पाच मिनिटं करून बघा, मांड्या पेटतात.

तर मांड्या पेटल्या म्हणून बाम चोळला, आणि त्याच रात्री हौसेनं बायकोच्या मागून स्वयंपाकघरात गेलो. एक फरशी वाजली नाही, एक भांडं हललं नाही. ती कणीक मळत होती, मागे न बघता म्हणाली, "बाम लावून फिरू नकोस, पोळ्यांना वास लागतो."

दुसऱ्या रविवारी सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, बरोबर आहे, जुने लोक कुठे शिरायचं असेल तर आधी लसूण-कांदा सोडायचे.

इथे कुणी हे शिकलंय का? अनुभव असतील तर लिहा.

बखरबहाद्दर

धागा छान, शैली आवडली. पण एक स्पष्टच विचारतो, राग नको. तुम्ही शिकताय ते निंजुत्सू आहे हे कशावरून? जगभरात जे चालतं त्यातलं बहुतेक जपानच्या चिबा प्रांतातल्या नोदा गावच्या मासाआकी हात्सुमी यांच्या बुजिनकानमधून किंवा त्यातून फुटलेल्या संस्थांमधून आलंय. हात्सुमींचा जन्म १९३१चा, त्यांचे गुरू ताकामात्सु १९७२ साली वारले. बुजिनकानमध्ये नऊ घराणी एकत्र शिकवतात, त्यातली तीनच निंजांची म्हणवतात, बाकी सरळ जुन्या सामुराई युद्धकलांची. आणि त्या तीनपैकी तोगाकुरे घराण्याची ३४ पिढ्यांची जी वंशावळ सांगतात ती ताकामात्सुंच्या आधी कागदोपत्री कुठे सापडत नाही असं जपानी अभ्यासकच म्हणतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत निंजा सिनेमांची लाट आली त्यात हे सगळं जगभर पसरलं. बाकी व्यायाम म्हणून उत्तमच.

चहात_बिस्किट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अनवाणी

@बखरबहाद्दर, राग कशाला. सरांनी दुसऱ्याच महिन्यात हे सांगितलं होतं, जवळपास याच शब्दांत. त्यांचं म्हणणं असं की घराणं अस्सल की नक्कल हा वाद जपानात चालू राहू दे, तुझं पाऊल वाजतं का एवढं बघ. मला ते पटलं. पण तुम्हाला यातलं बरंच माहीत आहे असं दिसतंय, तर मग खरे कागद कुठले ते लिहाच, अर्धवट सोडून जाऊ नका.

बखरबहाद्दर

लिहितो. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुख्य ग्रंथ म्हणजे बान्सेनशुकाई, १६७६ साली इगा या निंजांसाठी प्रसिद्ध डोंगराळ प्रांतातल्या फुजिबायाशी नावाच्या माणसाने संकलित केला, २२ खंड. नावाचा अर्थ दहा हजार नद्या समुद्राला मिळतात असा काहीसा. दुसरा शोनिन्की, १६८१चा, किशू प्रांताच्या नातोरी घराण्यातला. तुमच्या त्या चालण्याचंच सांगायचं तर शोनिन्कीत पावलं टाकायच्या दहा तऱ्हा दिल्यात, आणि त्यात शेवटी चक्क 'नेहमीचं चालणं' पण आहे.

आता सालं बघा. इगाची खरी कहाणी १५८१लाच संपली. त्याआधी १५७९ला तेव्हाचा सगळ्यात ताकदवान सरदार ओदा नोबुनागा, त्याचा पोरगा नोबुकात्सु बापाला न विचारता इगावर चालून गेला आणि मार खाऊन परत आला, म्हणून दोन वर्षांनी बापाने चाळीस हजारांच्या वर फौज पाठवली आणि इगा जाळून काढलं. १५८२त नोबुनागा मेला, तेव्हा त्याचा दोस्त सरदार, पुढे जपानचा राज्यकर्ता झालेला इएयासु तोकुगावा अडचणीत सापडला, त्याला इगा आणि शेजारच्या कोगाच्या लोकांनी डोंगरातून वाट काढून घरी पोचवलं, आणि त्या बदल्यात इगाची माणसं पुढे एदोच्या (आताचं टोकियो) किल्ल्यावर पहाऱ्याला लागली. त्यांचा म्होरक्या हात्तोरी हानझो. टोकियोतल्या राजवाड्याच्या एका दरवाजाला आणि तिथल्या मेट्रो लाइनला आजही त्याचं नाव आहे. पण हा हानझो भाला चालवणारा सामुराई सरदार होता, अंधारात भिंती चढणारा नव्हे.

गंमत म्हणजे हानझोच्या पोराने या लोकांना घरगड्यासारखं राबवायला सुरुवात केली तेव्हा १६०५ साली ते एका देवळात ठाण मांडून बसले. संपच की! निंजांचा संप.

म्हणजे ग्रंथ लिहिले गेले तेव्हा लढाया संपून दोन पिढ्या झाल्या होत्या. पहारेकऱ्याची नोकरी करणाऱ्यांच्या पोरांना आजोबांची विद्या विसरायला नको म्हणून ते लिहिलेत. आणि त्या २२ खंडांत मारामारी जवळजवळ नाहीच. पहिला भागच मन शुद्ध ठेवण्यावर आहे.

सह्यवारा

दंडवत घ्या बहाद्दर. शेवटची लढाई शिमाबाराची ना? १६३७-३८. ती कोगाच्या लोकांची गोष्ट पण सांगा, ती मला फार आवडते.

बखरबहाद्दर

हो हो. दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर ख्रिस्ती शेतकऱ्यांचं बंड झालं, ते हारा किल्ल्यात शिरून बसले. सरकारी फौजेने कोगाचे दहा जण हेरगिरीला बोलावले. हे रात्री आत गेले, एक-दोघं खड्ड्यात पडले, निशाण पळवून आणलं, दगड खाल्ले. पण आतल्या लोकांचं बोलणंच यांना समजेना! तिथली बोली वेगळी आणि वर ख्रिस्ती प्रार्थनेचे शब्द. सदाशिव पेठेतल्या माणसाला हेर म्हणून मालवणात पाठवल्यासारखं.

खाजणातलो

मालवणात पाठवा हो, आम्ही जेवूक घालून परत पाठवू. पण त्याआधी तो मासे कुठले घेतो त्यावरून आम्ही ओळखू.

अनवाणीसाहेब, तुमचं ते उपसून-खुपसून चालणं वाचलं आणि हसायलाच आलं, कारण आमच्याकडे भातलावणीला सगळे असेच चालतात. गुडघाभर चिखलात पाय आपटलात तर रुततो आणि लावलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून येतो, म्हणून पाय सरळ वर उपसायचा, बोटं खाली करून परत खुपसायचा. माझी आजी सत्तराव्या वर्षी दिवसभर करायची. बाम नाही लावायची.

अनवाणी

@खाजणातलो, हे फारच भारी आहे. हे मी सरांना सांगणार. ते इगा-कोगावाले पण भातशेतीच करायचे की, डोंगरातलं खोरं आणि खाचरं. काळे कपडे वगैरे नंतरचं. जपानी नाटकात रंगमंचावर वस्तू हलवणारी माणसं काळ्या कपड्यात असतात, ती प्रेक्षकांनी 'दिसत नाहीत' असं समजायचं असतं, तिथून ती काळ्या निंजाची कल्पना आली असं मानतात. खरा माणूस शेतात घालायच्या गडद निळ्या नाहीतर मातकट कपड्यात. पूर्ण काळा रंग चांदण्यात उलट उठून दिसतो, आम्ही मैदानावर करून बघितलंय.

मोगरा_मिरची

इथे कुणी बायकांचं बोलणार आहे का? की निंजा पण सगळे पुरुषच? (हलके घ्या.) मी स्वसंरक्षणाचा एक कोर्स केला होता, त्यात सगळा जोर ठोसा कसा मारायचा यावर. माझं वजन ४८ किलो. मी ठोसा मारून काय होणार आहे? मला पळायला शिकवा. तुमच्या क्लासमध्ये ते शिकवतात का एवढंच विचारायचंय.

अनवाणी

ताई, मुख्य तेच शिकवतात. समोरून हात आला की मागे सरळ हटायचं नाही, तिरकं मागे, साधारण ४५ अंशात, म्हणजे तो जिथे मारतोय तिथे तुम्ही नसता आणि त्याच्या बाजूला गेलेल्या असता. याला ताई-साबाकी म्हणतात (तुमचं 'ताई' नव्हे, जपानी ताई म्हणजे शरीर). मग त्याची नजर एक क्षण दुसरीकडे न्यायची आणि निघायचं. निघणं हाच शेवट, खाली पाडून वर बसणं वगैरे नाही.

जुन्या शिकवणीत पळून जायच्या पाच वाटा सांगितल्यात, गोतोन: लाकूड, आग, माती, धातू, पाणी. पोरांच्या कार्टूनमध्ये तोंडातून आगीचा लोळ काढतात ना, मूळ अर्थ तसा नाही. आगीची वाट म्हणजे गवत पेटवून दे, लोक विझवायला धावतील, तू उलट्या दिशेने जा. पाण्याची वाट म्हणजे तळ्यात मोठा धोंडा टाक, सगळे तळ्याकडे बघतील, तू झाडामागे. धातूची म्हणजे घंटा वाजव, नाणी उधळ.

आणि डोळ्यात फेकायची पूड, मेत्सुबुशि, राख-वाळू-मिरची रिकाम्या अंड्याच्या टरफलात भरून. तुमच्या आयडीत निम्मी आहेच.

मोगरा_मिरची

हाहा. धन्यवाद. हे आवडलं.

बखरबहाद्दर

बायकांबद्दल: बान्सेनशुकाईत 'कुनोइचि'ची युक्ती म्हणून एक भाग आहे, बाई या अर्थाच्या चित्राक्षराच्या तीन रेघा सुट्या करून तो शब्द केलाय. पण तिथे बाईने दासी म्हणून घरात शिरायचं आणि बातमी काढायची असं आहे. छपरावरून उड्या मारणारी निंजा बाई ही विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांची.

मोगरा_मिरची

म्हणजे तेव्हाही घरातली बाई कुणाच्या नजरेत येत नाही हेच हत्यार. चालू द्या.

सह्यवारा

लपण्याबद्दल थोडं लिहितो, कारण माझा संबंध येतो, मी पक्षी बघत डोंगरात हिंडतो. निंजांचे लपायचे प्रकार प्राण्यांच्या नावाने आहेत. उझुरा-गाकुरे म्हणजे लावा पक्ष्यासारखं, जमिनीवर अंग आखडून, तोंड खाली घालून गोळा होऊन पडायचं. ज्यांनी माळावर लावा बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. तुम्ही पाय ठेवायला एक वीतभर राहिलं तरी तो हलत नाही, आणि मग फर्रकन पायाखालून उडतो, काळजाचं पाणी होतं. तोंड खाली का, तर अंधारात माणसाचा चेहराच पांढुरका दिसतो आणि आपण बघायला लागलो की मान हलते. लपणाऱ्याला बघायचा मोह आवरत नाही, तिथेच तो सापडतो. तानुकि-गाकुरे म्हणजे झाडावर, कित्सुने-गाकुरे म्हणजे कोल्ह्यासारखं पाण्यात, नाकतोंडावर पालापाचोळा घेऊन.

आणि मला सगळ्यात आवडतो तो कान्नोन-गाकुरे. भिंतीला लागून किंवा झाडाशेजारी मूर्तीसारखं नुसतं उभं राहायचं, बाहीने चेहरा झाकायचा, बास. मागे नाही, शेजारी. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी तोच.

अनवाणी

+१. हे आम्हाला करायला लावलं होतं. एक जण दिवा घेऊन मैदानातून चालतो, बाकीचे लपतात. जे खूप लांब, गवतात, गाडीखाली वगैरे घुसले ते सगळे सापडले, कारण हलले. एक मुलगी लिंबाच्या खोडाला नुसती टेकून उभी होती, तिच्यापासून दोन हातांवरून मी दिवा घेऊन गेलो.

चहात_बिस्किट

तोंड बाहीने झाकून? मग पुण्यातल्या स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून फिरणाऱ्या पोरी म्हणजे चालता-फिरता कान्नोन-गाकुरे. सख्ख्या बापाला ओळखू येत नाहीत सिग्नलला.

वऱ्हाडी_ठेचा

माझा एक प्रश्न. आपल्याकडे बहिर्जी नाईक होते, फकीर काय, गोंधळी काय, कोणतंही सोंग घ्यायचे. गनिमी कावा होता. मग हे जपानी कायले शिकायचं? आणि माझ्या काकांनी व्हॉट्सअपवर पाठवलं होतं का निंजा लोक मावळ्यांकडूनच शिकले म्हणून.

बखरबहाद्दर

काकांना सांगा, इगा जळलं १५८१ला, महाराजांचा जन्म १६३०चा. शिकायला यायचं तर काळयंत्रातून यावं लागेल.

बहिर्जींबद्दल आदर आहेच, पण सोंगांच्या गोष्टी बहुतेक नंतरच्या. सभासदाच्या बखरीत बहिर्जी जासूद सुरतेहून खबर घेऊन आला एवढं येतं. हेराबद्दल फार लिहून ठेवलेलं नसणं हे तसं त्याच्या कामाचं प्रमाणपत्रच म्हणा.

पण वेषांतराची यादीच हवी तर जपानी आणि आपली समोरासमोर ठेवतो. निंजांची शिचिहोदे, म्हणजे बाहेर पडायच्या सात वाटा: भिक्षू, यामाबुशी म्हणजे डोंगरातला तपस्वी, डोक्यावर विणलेली टोपली घालून बासरी वाजवणारा कोमुसो, व्यापारी, रस्त्यावरचा जादूगार, नाटकवाला आणि सातवा साधा माणूस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले हेर: कापटिक म्हणजे विद्यार्थी, उदास्थित म्हणजे बैरागीपण सोडलेला, गृहपतिक शेतकरी, वैदेहक व्यापारी, तापस, शिवाय भिक्षुकी वगैरे. कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणत नाहीये. ज्याला फिरताना कुणी 'इकडे कशाला' विचारत नाही तो वेष घ्यायचा, एवढं दोन्हीकडे सुचलंय. कोमुसोला तर सरकारी परवानगीच असायची हिंडायची आणि तोंड झाकलेलं, आणखी काय पाहिजे.

सह्यवारा

वेळेचंही बघा. बान्सेनशुकाईत शिरायच्या रात्रींची यादी आहे ना, लग्नाच्या दुसऱ्या रात्री, आजारातून माणूस उठल्यावर, मेजवानीनंतर, शेजारी आग लागून गेल्यावर, वादळी पावसात. म्हणजे माणसं दमलेली आणि निर्धास्त असतील तेव्हा. लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३चा, रमजानचा महिना, दिवसभर उपास करून रात्री जेवून झोपलेली माणसं. तो ग्रंथ तेव्हा लिहायचा होता अजून.

वऱ्हाडी_ठेचा

हे मस्त सांगितलं. काकांना फॉरवर्ड करतो.

पोलपटू

खो-खो खेळलोय जिल्ह्यापर्यंत, म्हणून विचारतो. फसवण्याचं काही शिकवतात का? हूल देणं म्हणतो मी. नुसतं लपणं-पळणं झालं, समोरासमोर काय?

अनवाणी

बरं झालं विचारलंत, कारण मला यावर लिहायचंच होतं आणि 'हूल' हा शब्द मला सहा महिने सुचला नव्हता. जपानीत क्योजित्सु म्हणतात. क्यो म्हणजे पोकळ, जित्सु म्हणजे भरीव, आणि या दोन्हींची अदलाबदल. सर म्हणतात नवशिका हूल देतो ती खोटी असते म्हणून पकडली जाते. हात नुसता हवेत नाचवतो, खांदा येत नाही, वजन येत नाही. हूल अशी द्यायची की समोरच्याने ती मानली नाही तर तो हात त्याला लागलाच पाहिजे. मानली आणि आडवायला गेला, की तोच हात पोकळ होतो आणि दुसरीकडून पाय भरीव. म्हणजे मारायच्या क्षणापर्यंत कुठला खरा हे आपणही ठरवलेलं नसतं. मला अजून जमत नाही, माझा चेहरा आधीच सगळं सांगतो. ऑफिसात पत्ते खेळतानापण हरतो मी.

पोलपटू

अगदी अगदी! आमचे सर म्हणायचे, खुंटाला वळायचं नसेल तरी कंबर वळू दे, पाय ठरवील. पाठलाग करणारा तुझे डोळे बघत नाही, कंबर बघतो. आणि कबड्डीत बोनसला पाय टाकतात तो पण हेच, डावा कोपरा पुढे आला नाही तर बोनस घे, आला तर त्याला हात लाव. कुठला पॉइंट मिळणार ते त्याने ठरवायचं.

नागोयाहून

या धाग्यावर लिहिलंच पाहिजे. गेली सहा वर्षं जपानात आहे, आयटी हमाल. मागच्या वसंतात इगा-उएनोला जाऊन आलो. छोट्या रेल्वेच्या डब्यांवर मोठे निंजा डोळे रंगवलेत, स्टेशनभर निंजा पुतळे, फलाटावर पण. किल्ल्याच्या बागेत निंजा म्युझियम, त्यात एक जुनं शेतकऱ्याचं घर. बाहेरून आपल्या आजोळच्या घरासारखं, आत गेल्यावर भिंत फिरते, फडताळामागे जिना. एका बाईने जमिनीच्या फळीच्या कडेवर पाय दाबून फळी उचलली आणि खालची तलवार काढली, एवढ्या झटकन की मी व्हिडिओ काढत होतो तरी व्हिडिओत काही नीट दिसत नाही.

तिथले मानद संचालक कावाकामी जिनइचि, त्यांना शेवटचे निंजा म्हणतात. लहानपणी मेणबत्तीच्या ज्योतीकडे टक लावून बसायचं आणि लाकडी फरशीवर सुई पडली तर ऐकायची, असं शिक्षण झाल्याचं ते सांगतात. वारस नेमणार नाही म्हणाले, आजच्या काळात याची जागा नाही म्हणून. पण मिए विद्यापीठात निंजांवर रीतसर संशोधन चालतं, २०२० साली एकाने निंजा विषयात मास्टर्स पण केलं.

अवांतर: कवी बाशो याच गावचा, १६४४चा जन्म. तोही हेर होता अशी एक थिअरी फिरत असते, एवढा चालायचा म्हणून.

सह्यवारा

ज्योतीकडे टक म्हणजे त्राटकच की. आणि ते बोटं गुंफून नऊ अक्षरं म्हणतात, रिन-प्यो-तो-शा वगैरे, ती अक्षरं चिनी ताओ ग्रंथातली, पण मुद्रा जपानी बौद्धांच्या शिंगोन पंथातून आलेल्या, म्हणजे मूळ इकडचं. निंजा आणि सामुराई ज्या देवीला आपण दिसू नये म्हणून साकडं घालायचे ती मारिशितेन, म्हणजे बौद्धांची मरीची. किरणांची देवी. आपण मृगजळाला मरीचिका म्हणतो ते आठवा, दिसते पण धरता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी चहा खाली ठेवला होता.

मावशीचा_डबा

एवढं सगळं वाचलं, मला एकच कळलं नाही, ते पाठलाग करणाऱ्यांच्या पायात टाकायचे काटे असतात ते लोखंडाचे ना? भाच्याने ऑनलाइन चांदण्या मागवल्यात, कपाटाच्या दाराची चाळण केलीय, आता काट्यांचं म्हणतोय.

नागोयाहून

मावशी, काटे म्हणजे माकिबिशि, आणि मूळचे चक्क शिंगाड्याचे! हिशि म्हणजे शिंगाडाच, तिकडच्या जातीला टोकदार शिंगं असतात, वाळवून कडक केला की कसाही पडला तरी एक काटा वर. गवताच्या चपलेतून आरपार जातो. म्युझियममध्ये ठेवलेत, मी लोकांना सांगत होतो आम्ही याच्या पिठाची उपासाला पुरी करतो.

मावशीचा_डबा

अगं बाई. भाच्याला शिंगाड्याचा शिराच करून घालते.

अनवाणी

मधे चार दिवस आलो नाही, कारण जरा फजिती झाली. घरात जागा नाही म्हणून रात्री अकराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालण्याचा सराव करत होतो. गाड्यांच्या रांगेतून, खांबाच्या शेजारून, अगदी पद्धतशीर. टोकाला पोचलो तर वॉचमनकाका खुर्चीत बसूनच म्हणाले, "साहेब, काय हरवलंय का? बॅटरी देऊ?"

म्हटलं काका कधीपासून बघताय. म्हणाले जिन्यातून उतरलात तेव्हापासून. आवाज नाही आला, पण रात्री अकराला माणूस आवाज न करता चालतो म्हटल्यावर बघायला नको का.

मग बसलो त्यांच्यापाशी. बारा वर्षं रात्रपाळी केलेला माणूस आहे. म्हणाले, दबकत येणारा मला दिसतोच. मला फसवून गेला तो एकच, तीन वर्षांपूर्वी. भर दुपारी, हातात खोकं, कपाळावर घाम, "चारशे तीन, पार्सल" म्हणून ओरडत आला, वर मलाच म्हणाला लिफ्ट कधी दुरुस्त करणार तुम्ही लोक. मीच लाजलो, दार धरलं त्याच्यासाठी. चारशे तीनवाले गावाला गेले होते.

मी रविवारी सरांना सांगितलं. सर म्हणाले, तुमच्या वॉचमनने यो-निन सांगितलं. ग्रंथात दोन भाग आहेत, इन-निन म्हणजे अंधारातून लपून शिरणं आणि यो-निन म्हणजे उजेडात सगळ्यांसमोर चेहरा दाखवत शिरणं. आणि यो-निन आधी येतं, अवघड तेच म्हणून.

मी वर्षभर शेंगा चुकवतोय आणि खरी विद्या खोकं घेऊन पुढच्या दाराने गेली.

बखरबहाद्दर

शिचिहोदेतला सातवा. साधा माणूस. मी वर एका ओळीत उरकला होता, आता त्याच्याबद्दल परत वाचायला हवं.

मोगरा_मिरची

काकांना क्लासला बोलवा. फी घेऊ नका, द्या.

पोलपटू

रविवारी बघायला आलं तर चालेल का? पुण्यातच आहे. ती काठीची परीक्षा असते म्हणतात, डोळे मिटून बसायचं, मागून वार येतो, तो चुकवायचा, ती बघायला मिळेल का?

अनवाणी

ती पाचव्या दानची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीची, आमच्याकडे अजून कुणी तिथवर पोचलं नाहीये, मी तर हिरव्या पट्ट्यात. पण या नक्की, पहाटे सहा वाजता. पायात काहीतरी मऊ असू द्या, अनवाणी असाल तर उत्तम. पाण्याची बाटली अर्धी भरून आणू नका, डुचमळते, सर सगळ्यांसमोर हलवून दाखवतात.

रंकाळ्याकाठी

पहिल्यापासून वाचतोय, आता राहवत नाही म्हणून लिवतो. ते क्योतोच्या निजो किल्ल्यात फरशीच्या फळ्या चिवचिवतात म्हणं, चालला की खालचे खिळे लोखंडी पट्टीला घासत्यात, बुलबुलाची फरशी म्हणत्यात. मला वाटलं त्यात काय एवढं. आमच्या आज्ज्याच्या पायताणात कारागीर मुद्दाम करकर घालून द्यायचा. गल्लीच्या तोंडाला आज्जा आला की घरात सगळी सरळ बसायची, पोरं पुस्तक काढायची, आजी चुलीवर चहाचं आधण ठेवायची. आता तुम्ही म्हणताय आवाज न करता चाला. पुण्याला रविवारी येणार हाय, पण पायताण काढणार न्हाई, सरांना आधी सांगून ठेवा.

अनवाणी

@रंकाळ्याकाठी, सांगतो. शेंगांच्या रांगेत तुम्ही सगळ्यात पुढे.